थेंब थांबवण्याची तारीख

डोळ्यांचा दाह शमवणाऱ्या थेंबांनी आजवर असंख्य डोळे वाचवले आहेत. यूव्हायटिस किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज त्यांच्यावाचून आवरत नाही. त्यामुळे दोष औषधाचा नाही, आपल्या चिठ्ठीचा आहे. थेंब केव्हा सुरू करायचे ते आपण लिहितो. केव्हा थांबवायचे ते पुष्कळदा लिहीत नाही.

डेक्सामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड चार ते सहा आठवडे रोज घातले, तर सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये डोळ्याचा दाब मध्यम प्रमाणात वाढतो आणि सुमारे पाच टक्क्यांमध्ये १५ मिमी पाऱ्याहून अधिक. हा वाढलेला दाब बहुधा दुखत नाही. डोळा पांढरा स्वच्छ दिसतो, खाज थांबते आणि रुग्ण तीच बाटली दुकानातून पुन्हा घेतो. ॲलर्जीने दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांना याचा सर्वांत मोठा धोका, कारण त्यांचे थेंब वर्षानुवर्षे चालतात. त्यांतील काही मुले आपल्याकडे येतात तेव्हा काचबिंदूने दृष्टिक्षेत्र आक्रसलेले असते, भिंगाच्या मागच्या आवरणाशी मोतीबिंदू धरलेला असतो. मोतीबिंदू काढता येतो. गेलेली नस परत येत नाही.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. उदाहरणार्थ, तमिळनाडूतील तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला भाताचा पट्टा. कापणी-मळणीत भाताचे कुसळ डोळ्याला लागते आणि फ्यूझेरियम वा ॲस्परजिलस बुरशी कॉर्नियात शिरते. कोकणात आणि भंडारा-गोंदियातही हेच घडते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचा थेंब पडला की लाली तात्पुरती उतरते, पण बुरशी खोल जाते. हर्पिसच्या व्रणातही हेच. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा मोठा सहभाग असलेल्या ५०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणूजन्य व्रणात प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड दिल्याने तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदर फायदा आढळला नाही. जंतू ओळखल्यावर, योग्य औषध चालू असतानाही निष्कर्ष हा; मग जंतू न ओळखता दिलेल्या मिश्र थेंबाचे समर्थन कसे करणार?

‘स्टेरॉइड नाही, म्हणजे निर्धोक’ ही समजूतही सोडली पाहिजे. डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, नेपाफेनॅक यांनी डोळा चुरचुरतो, जखम उशिरा भरते, कॉर्नियाची संवेदना मंदावते. क्वचित कॉर्निया विरघळून छिद्र पडते. १९९९ मध्ये अमेरिकेत अशा घटना पुढे आल्यावर डायक्लोफेनॅकचे एक उत्पादन बाजारातून मागे घ्यावे लागले. मधुमेह, संधिवात, कोरडे डोळे किंवा वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत म्हणूनच अधिक जपावे लागते.

नोंदी ठेवण्याच्या बाबतीतही तंजावरचे नाव मराठी नेत्रचिकित्सकाला परके नाही. १७९८ ते १८३२ या काळात तिथे राज्य केलेल्या सरफोजीराजे भोसले दुसरे यांनी धन्वंतरी महाल हे चिकित्साकेंद्र उभारले. डोळ्यांच्या रुग्णांच्या हस्तलिखित नोंदी आणि रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दाब मोजण्याचे यंत्रही नसलेल्या काळात प्रत्येक डोळ्याचा वृत्तान्त लिहून ठेवण्याची ही शिस्त होती. आपल्या हाती स्लिट लॅम्प आणि टोनोमीटर आहे. आपली नोंद त्या नोंदींहून त्रोटक असणे शोभत नाही.

तेव्हा काही नियम स्वतःवर घालून घेऊ. लाल डोळ्यावर फ्लुओरेसिन लावून तपासल्याशिवाय स्टेरॉइड नको. शेतातली इजा असेल, तर खरवड तपासल्याशिवाय मुळीच नको. दीर्घ उपचार लागणार असेल, तर आरंभीचा दाब नोंदवावा आणि दोन ते चार आठवड्यांत पुन्हा मोजावा. भागत असेल तिथे फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉलसारखा सौम्य पर्याय निवडावा. दाब मात्र त्यातही मोजावाच. जनरल प्रॅक्टिशनर मित्रांनी दाब मोजण्याची सोय नसेल, तर स्टेरॉइड सुरू न करता रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावा. आणि प्रत्येक चिठ्ठीवर, रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत, दोन ओळी लिहाव्यात: थेंब कोणत्या तारखेला बंद करायचे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाटली पुन्हा घ्यायची नाही.

या दोन ओळी लिहायला अर्धे मिनिट पुरते. उद्याच्या पहिल्या चिठ्ठीपासून त्या लिहा, ही आमच्या प्रत्येक वाचकाला विनंती.