पोटाचे दुखणे लपवू नका



कचेरीत मी दिवसातून चार-पाच वेळा संडासला उठायचो, म्हणून सहकारी मला कामचुकार म्हणत. लाजेपोटी कित्येक वर्षे गप्प राहिलो. त्रासाच्या भीतीने डबा तसाच घरी परत न्यायचो. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितले, आतड्याला जखम नाही, पण ते हळवे झाले आहे. या दुखण्याला आय.बी.एस. म्हणतात. वेळेवर थोडे-थोडे जेवण, चहा-तिखट कमी आणि कशाने त्रास होतो याची वहीत नोंद, एवढ्याने बराच आराम पडला. साहेबांनाही स्पष्ट सांगितले. त्यांनी टेबल दाराजवळ दिले.

मात्र शौचावाटे रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नका. सरकारी दवाखाना गाठा. दुखणे सांगण्यात कसला आलाय कमीपणा?