लोकसभेच्या उपाध्यक्षांची निवडणूक: तारीख आपल्याच हाती आहे

मा. श्री. ओम बिर्ला,
अध्यक्ष, लोकसभा,
नवी दिल्ली



माझी विनंती एकच आहे. लोकसभेच्या उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख जाहीर करा. आपण 19 जून 2019 रोजी 17 व्या लोकसभेचे अध्यक्ष झालात. ती लोकसभा पाच वर्षे चालली आणि उपाध्यक्ष न निवडताच संपली. स्वतंत्र भारतात असे पूर्वी कधी घडले नव्हते. 26 जून 2024 रोजी 18 व्या लोकसभेने आपल्याला पुन्हा त्याच आसनावर बसवले, आणि शेजारचे पद तसेच रिकामे राहिले आहे.

हे पत्र मी पंतप्रधानांना किंवा विरोधी पक्षनेत्यांना लिहीत नाही, कारण लोकसभेच्या कामकाजाचे नियम त्या बाबतीत स्पष्ट आहेत. अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राष्ट्रपती ठरवतात. उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख, नियम 8 प्रमाणे, अध्यक्ष ठरवतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 93 ने सभागृहावर जबाबदारी टाकली आहे की त्याने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असे दोघे निवडावेत, आणि यांतले कोणतेही पद रिकामे झाले की पुन्हा निवड करावी. किती दिवसांत, हे घटनेने लिहिले नाही. पण ती सवलत सहा वर्षांहून अधिक काळ ताणण्यासाठी ठेवलेली नाही. पहिल्या लोकसभेने 15 मे 1952 रोजी दादासाहेब मावळंकरांना अध्यक्ष निवडले आणि 30 मे रोजी अनंतशयनम अय्यंगार यांना उपाध्यक्ष. मधे फक्त पंधरा दिवस गेले. नंतरच्या काळात उशीर झालेच नाहीत असे नाही. 1998 मध्ये जी. एम. सी. बालयोगी मार्चमध्ये अध्यक्ष झाले आणि पी. एम. सईद यांची उपाध्यक्षपदी निवड व्हायला डिसेंबर उजाडला. तेव्हा नऊ महिनेदेखील फार वाटले होते.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवतो. घटनेतली पदे शिकवताना अनुच्छेद, अधिकार, निवड आणि सध्या त्या पदावर कोण, असा क्रम असतो. लोकसभेच्या उपाध्यक्षांपाशी आलो की शेवटच्या रकान्यात लिहायला नाव नसते. मुले वहीत तेवढी जागा सोडून पुढे जातात. त्यांनी नंतर विचारलेला प्रश्न जास्त गंभीर असतो: उपाध्यक्ष नसला तर अडते काय? तालिकेवरचे सदस्य आळीपाळीने आसनावर बसतात, विधेयके मंजूर होतात, कामकाज चालूच आहे. आपल्यापुढेही हाच युक्तिवाद अनेकदा आला असेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

27 फेब्रुवारी 1956 रोजी मावळंकर पदावर असतानाच वारले. अय्यंगार उपाध्यक्ष होते. सभागृह त्यांनी सांभाळले आणि 8 मार्चला तेच अध्यक्ष झाले. 19 जुलै 1969 रोजी नीलम संजीव रेड्डी यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी अध्यक्षपद सोडले. उपाध्यक्ष होते आमच्या महाराष्ट्रातले र. के. खाडिलकर. गुरदयालसिंग धिल्लाँ 8 ऑगस्टला अध्यक्ष होईपर्यंत सभागृहाची जबाबदारी खाडिलकरांवर होती. 3 मार्च 2002 रोजी बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले. गुजरातच्या दंगलींचे ते दिवस होते, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते, आणि 10 मे रोजी मनोहर जोशी अध्यक्षपदी येईपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ सईद यांनी लोकसभा चालवली. या तिन्ही वेळी देशाला आधी कल्पना नव्हती. तीन वेळा कोणीतरी त्या जागेवर होते, आणि ते सभागृहाने स्वतः निवडलेले होते.

यातल्या शेवटच्या शब्दांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. अध्यक्षपद रिकामे असेल तर काम उपाध्यक्षांकडे जाते. उपाध्यक्षपदही रिकामे असेल, तर अनुच्छेद 95 प्रमाणे राष्ट्रपती एका सदस्याची नेमणूक करतात. तालिकेवरील सदस्यांना अशा वेळी आपोआप अधिकार मिळत नाही. तालिका ही अध्यक्षांच्या रोजच्या गैरहजेरीपुरती सोय आहे. आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे ज्या दिवशी सभागृह सर्वांत अस्थिर असेल, त्या दिवशी त्याच्या आसनावर कोणी बसायचे हे ज्या सरकारला जाब विचारायचा, त्या सरकारच्या सल्ल्यावर ठरेल. हा अपवाद घटनाकारांनी अगदीच नाइलाज झाला तर म्हणून ठेवला. सध्या लोकसभा आणि तो अपवाद यांच्यामध्ये फक्त आपण आहात.

या पदाचा इतिहास घटनेहूनही जुना आहे. 1919 च्या कायद्याने आलेल्या मध्यवर्ती विधानसभेत पहिला अध्यक्ष ब्रिटिश सरकारने नेमला होता. सर फ्रेडरिक व्हाइट त्या पदावर चार वर्षे होते. उपाध्यक्ष मात्र पहिल्यापासून सदस्यांनी निवडायचा होता, गव्हर्नर जनरलच्या मान्यतेने का होईना. 1921 मध्ये सच्चिदानंद सिन्हा या पदावर आले. विठ्ठलभाई पटेल 1925 मध्ये निवडून आलेले पहिले अध्यक्ष ठरले. आसनावरचा माणूस आम्ही निवडणार, हा हक्क हिंदी सदस्यांच्या हाती आला तो प्रथम उपाध्यक्षपदाच्या वाटेने. त्या पदाला आपण शोभेचे मानू नये, एवढे तरी त्या इतिहासाचे ऋण आपल्यावर आहे.

अनुच्छेद 94 ची एक तरतूद पाहा. अध्यक्षांनी राजीनामा उपाध्यक्षांच्या नावे द्यायचा आणि उपाध्यक्षांनी अध्यक्षांच्या नावे. राष्ट्रपतींकडे नाही, पंतप्रधानांकडे नाही. ही रचना सभागृहाचा कारभार सभागृहातच राहावा म्हणून आहे. आज आपल्याला पद सोडावेसे वाटले, तर ते पत्र ज्याच्या नावे लिहावे असा माणूस नाही. अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला, तर अध्यक्षांनी आसनावर बसायचे नसते. 18 डिसेंबर 1954 रोजी मावळंकरांविरुद्धचा ठराव आला तेव्हा उपाध्यक्ष अय्यंगार आसनावर होते. नेहरूंच्या सरकारला प्रचंड बहुमत होते. तरीही विरोधकांना आपले म्हणणे मांडायला निःपक्ष जागा मिळणे गरजेचे मानले गेले.

महाराष्ट्राने हे सगळे अलीकडे जवळून पाहिले आहे. 4 फेब्रुवारी 2021 रोजी नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले आणि राजीनामा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे दिला. पुढची निवड 3 जुलै 2022 रोजी झाली. म्हणजे सुमारे सतरा महिने विधानसभेला अध्यक्ष नव्हता आणि सर्व भार उपाध्यक्षांवर होता. त्याच काळात, 5 जुलै 2021 रोजी, तालिका अध्यक्ष भास्कर जाधव आसनावर असताना झालेल्या गोंधळातून 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. तो निर्णय जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. जून 2022 मध्ये शिवसेनेच्या फुटीर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा झिरवाळांनीच काढल्या आणि त्यांनाच पदावरून हटवण्याची मागणी झाली. त्या निर्णयांबद्दल मराठी माणसांची मते आजही टोकाची आहेत. माझीही आहेत, पण ती इथे आणायची नाहीत. सरकार टिकते की पडते याचा फैसला ज्या आसनाभोवती फिरत होता, त्या आसनावर उपाध्यक्ष होते. हे पद दुय्यम आहे असे महाराष्ट्रात तरी आता कोणी म्हणणार नाही.

आता पक्षांच्या देवघेवीचा मुद्दा. उपाध्यक्षपद विरोधकांना द्यावे, असे विरोधी पक्ष म्हणतात. 2024 मध्ये अध्यक्षपदासाठी एकमत झाले नाही त्याचे एक कारण हेच होते. आपल्याविरुद्ध के. सुरेश यांना उभे केले गेले. अध्यक्षपदासाठी अशी लढत 1976 नंतर प्रथमच झाली, जेव्हा बळीराम भगत यांच्यासमोर जनसंघाचे जगन्नाथराव जोशी होते. उपाध्यक्षपद विरोधकांना देण्याच्या संकेताचा इतिहास मी प्रामाणिकपणे वाचतो तेव्हा तो सरळ रेषेत दिसत नाही. पहिल्या दोन दशकांत काँग्रेसने हे पद बहुतेक वेळा स्वतःकडे ठेवले. 1980 मध्ये ते काँग्रेसच्या तेव्हाच्या मित्रपक्षाकडे, द्रमुककडे गेले. 1990 पासून मात्र ठळक बदल दिसतो. त्या वर्षी विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार असताना विरोधी काँग्रेसचे, लातूरचे शिवराज पाटील उपाध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष. नरसिंह राव यांच्या काळात भाजपचे एस. मल्लिकार्जुनैया, वाजपेयींच्या काळात काँग्रेसचे सईद, मनमोहन सिंग यांच्या काळात अकाली दलाचे चरणजितसिंग अटवाल आणि नंतर भाजपचे करिया मुंडा. 2014 मध्ये अण्णा द्रमुकचे थंबीदुराई. हा पायंडा चांगला आहे आणि तो पुढे चालावा असे मला मनापासून वाटते. पण तो घटनेने घातलेला दंडक नाही.

म्हणून पद विरोधकांना द्या, अशी मागणी मी करत नाही. निवडणूक घ्या, अशी करतो. सत्ताधारी पक्षाने आपला उमेदवार द्यावा, विरोधकांनी आपला. ज्याच्याकडे बहुमत तो निवडून येईल. त्यात कोणाचीच नामुष्की नाही. राज्यसभेचे उदाहरण ताजे आहे. उपसभापती पी. जे. कुरियन यांची मुदत 1 जुलै 2018 रोजी संपली. 9 ऑगस्टला निवडणूक झाली. हरिवंश यांना 125 मते, बी. के. हरिप्रसाद यांना 105. लढत झाली, निकाल लागला, सभागृह पुढे गेले. सरकार हेच होते. अशा निवडणुकीचे मोल कळले 21 जुलै 2025 रोजी, जेव्हा उपराष्ट्रपती आणि म्हणून राज्यसभेचे सभापती असलेले जगदीप धनखड यांनी पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी अचानक राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेच्या आसनावर कोण बसणार याचा घोळ झाला नाही. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबरमध्ये उपराष्ट्रपतिपदाची शपथ घेईपर्यंत उपसभापतींनी ते अधिवेशन पार पाडले. तेच लोकसभेत घडले असते तर?

आपण देशभरातल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवता. जानेवारी 2024 मध्ये ती मुंबईत, आमच्या विधानभवनात भरली होती. राज्यांच्या विधानसभा दिल्लीकडे पाहून शिकतात. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात रिकाम्या उपाध्यक्षपदांविषयी याचिका आली तेव्हा तिच्यात लोकसभेसोबत पाच राज्यांच्या विधानसभांचा उल्लेख होता. त्यांत आपले राजस्थानही होते, जिथे आपण स्वतः आमदार होतात. न्यायालयाने सभागृहाला निवडणूक घ्यायला लावावी, असे होऊ नये. ते काम सभागृहाच्या अध्यक्षांनी आपणहून करावे.

काम मोठे नाही. सभागृहाच्या बुलेटिनमध्ये तारीख प्रसिद्ध करायची. आदल्या दिवशी दुपारपर्यंत महासचिवांकडे लेखी प्रस्ताव यायचे, एक सूचक, एक अनुमोदक, उमेदवाराची संमती. मग मतदान. येत्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस यासाठी ठरवावा, आणि त्याची सूचना अधिवेशनाआधीच काढावी, ही विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक शिक्षक आणि मतदार