डोकं चालत नाही, की काळजीने अडलंय?

गेल्या हंगामात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आमच्या गावच्या एका शेतकऱ्यासोबत पहाट काढली. पट्टी हाती आली. हमाली, गाडीभाडं जाऊन काय उरलं, हा साधा हिशेब गडी तीनदा चुकला. शेजारी मोबाईलवर गेम खेळणारा त्याचा पोरगा हसला, "बाबांचं डोकं चालंना आज." मला काही हसू आलं नाही.

कारण हे मोजून झालेलं आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी व सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तामिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक. चाचणी खेळासारखीच. '५ ५ ५' असं लिहिलेलं. आकडा वाचायचा नाही, तो किती वेळा आलाय ते सांगायचं. म्हणजे 'तीन'. करून बघा, जीभ अडखळते! तोडणीआधी, हात आखडलेला असताना, शेतकऱ्यांना वेळ जास्त लागला, चुकाही जास्त झाल्या. पैसा आल्यावर त्याच माणसांचं काम सुधारलं. नाडी, रक्तदाबही तपासले. ताण दिसला, पण सगळं कोडं त्याने सुटलं नाही. पैशाची विवंचनाच डोक्यातली जागा अडवते, असा त्यांचा निष्कर्ष.

त्याआधी २०१२ मध्ये अशाच मंडळींनी नेम मारायचा संगणकी खेळ लोकांना दिला होता. ज्यांच्या वाट्याला नेम कमी, ते पुढच्या डावातले नेम व्याजाने उसने घेत आणि शेवटी तोट्यात जात. सावकारी आपल्या ओळखीचीच की!

मग आता गावोगाव टॅब घेऊन ताण मोजत फिरावं का? माझं मत, जपून. साठीच्या माणसाचं बोट पडद्यावर अडखळलं तर तो ताण नव्हे, सवय नाही एवढंच. एकाच माणसाला पेरणीआधी आणि पट्टीनंतर असं दोनदा बसवलं, तरच तुलनेला अर्थ. आणि ते गुण कर्ज देणाऱ्याच्या हाती कदापि जाऊ नयेत.

त्यापेक्षा आम्ही आमचं वेळापत्रक तपासावं. बियाणं, खत, कर्ज, पोरांची फी एकदम अंगावर आलेली असते, तेव्हाच आम्ही सभा घेतो. एका बैठकीत दहा शिफारशी, वर फॉर्म. आणि शेरा मारतो, 'शेतकरी ऐकत नाही.' मीही मारलाय. यंदा सभा माल विकल्यावर घेणार आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगणार.

झोप उडाली असेल, मन फारच खचलं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

त्या पहाटेचा हिशेब मग पट्टीच्या मागे पेनने मांडून दिला.