रबर बदलून भागत नाही

नेदरलँड्सची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीखाली आहे. पंप थांबले की पाणी दारात! लेमरचं १९२० सालचं वाफेवरचं पंपघर (चार इंजिनं, आठ पंप) पाणी फार वाढलं की अजूनही चालवतात. इथे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणण्यात अर्धा दिवस गेला तरी कुणी कुरकुरताना मी पाहिलं नाही.

आपल्याकडे? कपलिंगचा स्पायडर झिजला की नवा टाकायचा, 'चालतंय की' म्हणायचं. अहो, लवचिक कपलिंग थोडाफार वाकडेपणा सोसतं, घालवत नाही. त्याचा भार बेअरिंग आणि सीलवर येतो. आणि दोष मात्र 'डुप्लिकेट' रबराला! माझ्या मते रबराआधी डायल गेज मागवावा. गरम पाण्याचा पंप असेल तर तापल्यावर पुन्हा तपासावं. थंडपणी जुळलेले शाफ्ट तेव्हा सरकलेले असतात.