मुखवटा चढवला, नावाची पाटी तशीच

‘ज्याचे वर्तन शुद्ध, त्याला लपवायचे काय?’ हा साळसूद प्रश्न सत्ताधाऱ्यांनी विचारावा यात नवल नाही. आपले कार्यकर्तेही तो विचारू लागले आहेत, हे चिंताजनक आहे. कारखान्यातील अपघाताची कागदपत्रे बाहेर पोहोचवणाऱ्या कारकुनाला पाप लपवायचे नसते, नोकरी वाचवायची असते. (गुप्त मतदानाच्या वेळी आपल्याला हा प्रश्न कसा पडत नाही?) खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने दिला. पाच वर्षेही उलटली नाहीत तोच, एप्रिल २०२२ मध्ये, केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने इंटरनेटवरील माग झाकणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना फर्मावले की, ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवा! हक्क निकालपत्रात राहिला, नोंदवही मात्र सरकारसाठी उघडली गेली.

म्हणून टॉरसारख्या निनावी जाळ्याचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलेले हे तंत्र संदेश तीन मुक्कामांवरून नेते. पाठवणारा कोण आणि चालला कोठे, या दोन्ही गोष्टी त्यांपैकी कोणा एकालाच कळत नाहीत. परंतु टॉर बसवले की आपण अदृश्य झालो, हा भाबडेपणा सरकारी पाळतीइतकाच घातक आहे. टॉर वाट झाकते. थैलीत काय भरले आहे, ते पाहत नाही. बिटटोरंट हे फाइलवाटपाचे साधन संगणकाचा खरा पत्ता संदेशाच्या आतच लिहून मोकळे होते. फ्रेंच संशोधकांनी २०११ च्या निबंधात दाखवले की, टॉरच्या मोजक्या निर्गम-मुक्कामांवरून २३ दिवसांत सुमारे १०,००० पत्ते उघडे पडले, आणि त्याच वाटेने चाललेले इतर व्यवहारही त्या पत्त्यांशी जोडता आले.

जाळे चोख असले तरी फाइल स्वतःच चुगली करते. २०१२ साली फरारी उद्योजक जॉन मॅकाफी यांचे छायाचित्र एका नियतकालिकाने प्रसिद्ध केले. त्यात दडलेल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. शब्दलेखनाच्या फाइलीतही लेखकाचे नाव असेच बसलेले असते.

तेव्हा कागद धाडण्यापूर्वी या नोंदी पुसाव्यात, टॉरवरून बिटटोरंट चालवू नये. ओनियनशेअर वापरल्यास फाइल आपल्याच संगणकावर राहते. पत्ता फक्त घेणाऱ्याला सुरक्षित मार्गाने कळवावा, आणि त्याने ती उतरवून घेताच दार बंद करावे.