थार दोन इंच उचलली, पण आरसीचं काय?

पावसाळा सुरू झाला की फोनवर एक ठरावीक रील फिरायला लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅकवर चढवलेली थार नाहीतर जिम्नी, दोन मित्र, एक पान्यांचा सेट, आणि तीस सेकंदांत गाडी दोन इंच उंच. खाली कमेंटमध्ये "भावा, किट कुठून घेतलं?" असं सगळेच विचारतात. आरसीचं काय केलंस, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

आधी गाडी समजून घेऊ, मग कायद्याकडे येऊ. कारण कायदा एवढा कडक का, याचं उत्तर गाडीच्या पोटातच आहे.

गाडी उचलायचे मुख्य रस्ते तीन. पहिला सस्पेन्शन लिफ्टचा: लांब स्प्रिंग टाकायची किंवा स्प्रिंगवर स्पेसर बसवायचा. दुसरा बॉडी लिफ्टचा. थार, जिम्नी आणि जुनी जिप्सी यांची बॉडी शिडीसारख्या चासीवर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे मध्ये ठोकळे टाकून नुसती बॉडी वर घेता येते. तिसरा रस्ता मोठ्या टायरचा. रीलमध्ये तिन्ही सारखेच दिसतात, पण कामं वेगळी करतात.

बॉडी लिफ्टमध्ये चासी होती तिथेच राहते. म्हणजे दगड जिथे आधी लागत होता तिथेच लागणार. मिळते ती फक्त मोठ्या टायरला जागा. वर स्टीअरिंगचा दांडा, गिअरचा लिव्हर, डिझेल भरायची नळी या सगळ्यांवर ताण येतो. सस्पेन्शन लिफ्टने चासी वर जाते, पण जिम्नीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत मधला डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी दगडाला लागतो तो हाच गोळा. तो वर घ्यायला टायरच मोठा लागतो. थोडक्यात, दिसण्यासाठी दोन इंच आणि वाटेसाठी दोन इंच यांत फरक आहे.

टायरचा हिशोब करून बघा. थारच्या १८ इंची चाकावर २५५/६५ मापाचा टायर येतो, त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. त्याजागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा टायर टाकला तर गाडी जेमतेम २५ मिलिमीटर वर जाते. पण प्रत्येक फेरीत चाक सहा टक्के जास्त अंतर कापतं. मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी ८५ ने पळत असते. वर ब्रेकला जास्त वजनाचं चाक थांबवावं लागतं, ते वेगळंच.

आता खरी गोम. गाडी उलटण्याचा धोका मोजायला अमेरिकेतली रस्ता सुरक्षा संस्था एक सोपं गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा हे अंतर १५२० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. आकडा येतो १.०९. सगळी गाडी ५० मिलिमीटर उचला, आकडा १.०१ वर. एका लिफ्टमध्ये सात टक्के स्थिरता गेली, आणि अजून टपावर कॅरियर, त्यावर जादा टायर आणि चार जेरीकॅन चढायचेच आहेत. चिखलात ताशी दहाच्या वेगाने हे जाणवत नाही. ताम्हिणी घाट उतरताना समोर अचानक एसटी आली आणि स्टीअरिंग झटकन फिरवावं लागलं, की जाणवतं. ईएसपी असलं तरी ते कंपनीने ठरवलेल्या वजन-उंचीवर बेतलेलं असतं. तुम्ही टाकलेल्या स्पेसरचा त्याला पत्ता नाही.

नव्या थारला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे नुसता स्पेसर टाकला की चाकाकडे जाणारा ड्राइव्हशाफ्ट तिरका होतो, त्याच्या सांध्यावरचं रबर फाटतं, ग्रीस उडतं, आणि काही महिन्यांनी वळताना कटकट सुरू. सोबत ब्रेकची नळी पुरते का, अलाइनमेंट बसतं का, हे बघावं लागतं. यातलं काही अंगणात मोजता येत नाही. आणि घरी हे काम करताना सगळ्यात जीवघेणी वस्तू म्हणजे दाबलेली कॉइल स्प्रिंग. कंप्रेसर निसटला तर ती कुठे उडेल, कोणाला लागेल, सांगता येत नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं हे तर कोणीच करू नये, खाली स्टँड हवेतच.

बॉडीचंही तसंच. पुढे वेल्ड केलेला लोखंडी बंपर दणकट दिसतो. पण पहिल्या मॉडेलपेक्षा खूप सुधारलेल्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले ते कंपनीच्या बंपरसकट. धक्का कुठे शोषायचा आणि एअरबॅग केव्हा उघडायची, याचं गणित त्याच रचनेवर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, त्यामागे ही चिंता होती.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळ उच्च न्यायालयाने याचा थोडा सैल अर्थ लावला होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. रंग बदलून नोंद करता येते, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं, पण कंपनीच्या मूळ रचनेला हात लावायचा नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. टायर, बंपर, लिफ्ट, दिवे असे चार बदल असतील तर हिशोब चौपट.

गंमत अशी, की आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही. म्हणून "लिफ्टने आरसी बदलतच नाही" असा युक्तिवाद गॅरेजवाले करतात. मला तो तकलादू वाटतो, कारण न्यायालयाने भर दिला तो कंपनीच्या मूळ तपशिलावर. पण किती मिलिमीटरपर्यंत चालेल हे कुठेच लिहिलेलं नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये पुढून उचललेल्या आणि मागून बसक्या ट्रकवर बंदी आणली, तेव्हा मोजून सांगितलं: पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर नको. जर्मनीत बदल करून टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घेता येतो आणि तो कागदावर चढतो. आपल्याकडे हौशी माणसाला असा तपासणीचा दरवाजा नाही. मग काय होतं? पासिंगच्या आधी जुने टायर चढतात, नंतर मोठे परत येतात, आणि वेल्डिंग पक्कं आहे का हे कोणीच बघत नाही. नुसत्या बंदीपेक्षा मोजमाप ठरवून तपासणी करणं जास्त सुरक्षित ठरलं असतं, असं माझं मत.

ज्यांना खरंच चिखलात खेळायचंय त्यांच्यासाठी सार्वजनिक रस्त्याबाहेरच्या स्पर्धा आहेत. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. तिथल्या गाड्या बघून आपल्या रोजच्या गाडीचं माप ठरवू नका.

विम्याकडे तर रीलवाले वळतच नाहीत. बदल कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअर आधी फोटो काढतो तो याच भागांचा, आणि दावा अडायला तेवढं पुरतं.

हे सगळं जुनी गाडी घेणाऱ्यालाही लागू आहे. आधीच्या मालकाने उचललेली थार तुमच्या नावावर झाली की चौकात पोलिसांसमोर उभे राहणार ते तुम्ही. म्हणून सौदा करताना मूळ स्प्रिंग, मूळ टायर आणि मूळ बंपर सोबत मागा. ते विकून टाकले असतील तर नवे बसवायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.