क्षच्या वर्गाचं वर्गमूळ

दिवाळीत धाकट्या बहिणीचा नातू चार दिवस लाखनीला येऊन राहिला. नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी आला की मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, पण या वेळी लॅपटॉप घेऊन माझ्याच खाटेवर ठाण मांडलं.

"आजोबा, क्षच्या वर्गाचं वर्गमूळ किती?"

"क्ष. हे काय विचारणं झालं?"

"मीही तेच म्हटलं होतं," तो म्हणाला, "आणि चारचौघांत तोंडावर पडलो."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. म्हणून हे लिहितोय. आमच्या घरच्या मंडळींना आणि ब्लॉगवाल्या मित्रांना सवय आहेच माझ्या लांबणीची.

सिम्पाय नावाची एक गणिताची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हटल्यावर मला आधी आपलं वाचनालयच वाटलं, पण हे वेगळं प्रकरण. पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला हा तयार हत्यारांचा संच आहे. साध्या कॅल्क्युलेटरला एक भागिले तीन विचारलं तर तो ०.३३३३ करत सुटतो. सिम्पाय एक तृतीयांश एक तृतीयांशच ठेवतं. आठचं वर्गमूळ विचारलं तर दशांशात न जाता दोन गुणिले वर्गमुळात दोन असं उत्तर देतं, जसं आपण फळ्यावर लिहायचो. अवयव पाडणं, समीकरणं सोडवणं, कलन, सगळं अक्षरं घेऊन करतं. फुकट आहे, आणि आतली सगळी रीत उघडी आहे. कोणीही वाचावी, बदलावी, स्वतःच्या कामात वापरावी, विकावीसुद्धा. मूळ लिहिणाऱ्यांची हक्काची ओळ तेवढी पुसायची नाही, एवढीच अट.

हे सुरू केलं ओन्द्रेय चेर्तिक नावाच्या झेक तरुणाने, २००५ च्या सुमारास. पुढे २००९ मध्ये आरन म्युरर हा अमेरिकन विद्यार्थी उन्हाळी कामासाठी आला आणि २०११ पासून तोच या प्रकल्पाचा प्रमुख झाला. विद्यार्थी दोन वर्षांत हेडमास्तर! आपल्या खात्यात हे शक्य आहे का सांगा. (ह. घ्या.) २०१७ साली या मंडळींनी सिम्पायवर शोधनिबंध लिहिला. त्याच्या लेखकांत आयआयटी मुंबई आणि गोव्याच्या बिट्समधले आपले विद्यार्थीही आहेत.

तर आमच्या नातवाने सिम्पायला क्षच्या वर्गाचं वर्गमूळ विचारलं. त्याने क्ष असं उत्तर न देता प्रश्न जसाच्या तसा परत केला. याला वाटलं, चूक सापडली. रात्रभर बसून नियम लिहिला, की असं दिसलं की सरळ क्ष लिहून मोकळं व्हायचं. पाठवून दिला. असा बदल पाठवला की आधी यंत्र हजारो जुनी उदाहरणं पुन्हा सोडवून पाहतं, कुठे काही बिघडलं तर नाही ना. याच्या बदलाने ढीगभर उदाहरणं बिघडली. मग तपासणाऱ्या माणसाने, जो याला ओळखत नाही, पाळखत नाही, कुठल्या तरी दुसऱ्या देशात बसलेला, एकच ओळ लिहिली. क्ष जर उणे तीन असेल तर?

उणे तीनचा वर्ग नऊ. नऊचं वर्गमूळ तीन. उणे तीन नाही.

सिम्पायचं म्हणणं असं, की क्ष काय आहे ते आधी मला सांगा. धन आहे असं सांगितलंत तर मी क्ष म्हणेन. वास्तव संख्या आहे एवढंच सांगितलंत तर क्षचं केवलमूल्य म्हणेन. काहीच सांगितलं नाहीत तर तो संमिश्र संख्याही असू शकतो, म्हणून मी काहीच गृहीत धरणार नाही. मला हे फार आवडलं. आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला.

कारण सांगतो. मी मराठी माध्यमातून बीए झालेला माणूस. गणित माझा विषय होता, पण बीएस्सीवाले मास्तर मिळत नव्हते म्हणून पुढची वीसेक वर्षं नववी-दहावीचं बीजगणित माझ्याच गळ्यात. एका सहामाहीला प्रश्न दिला होता, क्षवर्ग वजा सहा क्ष अधिक नऊ याचं वर्गमूळ काढा. उत्तर क्ष वजा तीन, दोन गुण. एका मुलीने लिहिलं होतं की क्ष तीनपेक्षा मोठा असेल तर क्ष वजा तीन, आणि लहान असेल तर तीन वजा क्ष. मी तिचा एक गुण कापला. वर लाल शाईने लिहिलं, "उत्तर एकच लिहावे." ती पेपर घेऊन टेबलाशी आली होती. काहीतरी सांगायला लागली तर मी म्हटलं, "पुस्तकात बघ." पुस्तकात माझंच उत्तर होतं. ती गेली जागेवर. तिला नंतर कधी हात वर केलेला पाहिल्याचं आठवत नाही.

आता त्या नातवाची चूक आणि माझी चूक एकच. फरक एवढाच की त्याला कोणीतरी "उणे तीन घालून बघ" म्हणालं, आणि मी त्या मुलीला "पुस्तकात बघ" म्हणालो.

माझं मत म्हणाल तर आपल्या पोरांनी अशा कामात पडावं ते यासाठी. पण पडतात कशासाठी? गूगलची समर ऑफ कोड नावाची योजना २००५ पासून आहे. उन्हाळाभर काम करायचं, त्याचे पैसे मिळतात, नाव होतं. सिम्पायची अट अशी, की अर्ज करणाऱ्याचा निदान एक बदल आधी स्वीकारला गेलेला हवा. अट चांगलीच आहे. पण नातूच सांगतो, त्याच्या होस्टेलात पोरं कुठे स्वल्पविराम बदल, कुठे स्पेलिंग सुधार, असं करून ती अट "उरकायला" बघतात. आता तर यंत्राकडूनच लिहून घेऊन, न वाचता, पाठवणारेही आहेत. त्यांनी न वाचलेलं ते समोरच्या माणसाने फुकटात वाचायचं. ही मला सरळ सरळ कॉपी वाटते. पर्यवेक्षक म्हणून उभं आयुष्य खिशातल्या चिठ्ठ्या काढण्यात गेलं, मला वास लगेच येतो!

दुसऱ्या टोकाला आमची नागपूरची वहिनी. तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पैसे किती देतात?" काही देत नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मग परक्यांची धुणी कशाला धुतो?" तिचं अगदीच चूक नाही. मोठमोठ्या कंपन्या असली फुकटची हत्यारं वापरून पैसा करतात, आणि पोरगं मात्र मेसचं बिल थकवून बसतं, हे मलाही खटकतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब आणि पायथनमध्ये लिहून सर्वांसाठी खुली केली, आणि त्यांना त्याचं मानधन मिळालं. असं जास्त व्हायला हवं.

पण वहिनीला मी आपल्याकडचे तलाव आठवून दिले. भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी बांधले, मालगुजारांच्या ताब्यात होते, पाण्यावर धान सगळ्यांचं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. आपण त्यांना 'मामा' तलाव म्हणतो, माजी मालगुजारी. पुढे कित्येकांत गाळ भरत गेला, कारण पाणी सगळ्यांना हवं होतं आणि गाळ मात्र कोणाचाच नव्हता. सिम्पायसारखी गोष्ट या तलावासारखी आहे. वापरणारे लाखांनी, गाळ काढणारे मोजके. आमचा नातू टोपलंभर गाळ काढायला गेला आणि आधी पाळच फोडत होता, ही गोष्ट वेगळी. वहिनी हसली, पण पटलं असं काही म्हणाली नाही.

मराठी माध्यमातल्या पोरांबद्दलही एक सांगायचं आहे. इंग्रजीची भीती खरी आहे. नातू स्वतः आठवीपर्यंत मराठी शाळेत होता, तो उत्तर लिहिताना तीन-तीनदा खोडतो. आयआयटी मुंबईचेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही आहेत, सुरुवात तिथून करता येते. पण मुद्दा भाषेचा कमी आहे. "क्ष उणे असेल तर?" हे विचारायला इंग्रजी लागत नाही. देवळालीच्या शाळेतले कापरेकर मास्तर आठवतात का? ६१७४ वाले. त्यांच्याकडे ना मोठी पदवी होती ना संगणक. आकड्यांशी खेळत राहिले, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिल्यावर ते जगाला कळले.

असो. नातवाने आपला तो नियम मागे घेतला. मग आठ दिवस फक्त वाचत बसला. शेवटी पाठवलं काय, तर नवशिक्यांसाठीच्या माहितीत एक वाक्य आणि उणे तीनचं एक उदाहरण. त्यावरही दोनदा दुरुस्त्या आल्या. एकदा उदाहरण बरोबर होतं पण वाक्य संदिग्ध होतं, एकदा उलट. तीन आठवड्यांनी स्वीकारलं गेलं. त्याने मला ती ओळ स्क्रीनवर दाखवली तेव्हा त्याची आजी म्हणाली, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, हो, एवढ्यासाठी.

त्या मुलीचं गाव मला माहीत आहे. आता तिची पन्नाशी उलटली असेल. तिचा भाऊ कधीमधी सोमवारी बँकेत दिसतो. बहीण कुठे दिली हे त्याला विचारायचं ठरवलं आहे, पण काय सांगून विचारू, ते अजून जुळत नाही. पस्तीस वर्षांपूर्वीचा एक गुण परत करायचा आहे, असं म्हणू?

तोवर नातवाने लॅपटॉपवर सिम्पाय कसं चालवायचं ते शिकवलं आहे. काल मी क्षवर्ग वजा एक भागिले क्ष वजा एक घातलं आणि संक्षेप करायला सांगितलं. त्याने क्ष अधिक एक दिलं. मी लगेच नातवाला फोन लावला. "क्ष एक असेल तर? शून्याने भागाकार नाही का होत? ही चूक मी सापडवली!"

तो म्हणाला, "आजोबा, आधी तिथली माहिती वाचा. मग उदाहरण लिहा. मग बोलू."

वाचतोय.